चार धुरे मोजले आणि कर्ण राहून गेला

मी गणितात कच्चा नव्हतो हे आधीच सांगतो, कारण कच्चा पोट्टा अशी चूक करत नाही, तो टेप घेऊन वावरात जातच नाही. दहावीला भूमितीत चांगले मार्क, मग भरतीची तयारी, तालुक्याच्या अभ्यासिकेत दोन वर्षं बूड टेकवून बसलेलो, पायथागोरस, हेरॉन, अपोलोनियस सगळं तोंडपाठ. आणि तरी एका मे महिन्यात मी आमच्या वावराचे चारही धुरे, म्हणजे कडेचे बांध, मोजले, हिशोब केला आणि पानठेल्यावर दहा लोकांसमोर सांगून टाकलं की आमचं वावर १ हेक्टर ४३ आर भरते. सातबाऱ्यावर होतं १.३८. शेजारच्या वावराचे काका तिथंच खर्रा तोंडात धरून बसले होते. ते थुंकून आले आणि म्हणाले, "म्हंजे माह्या धुऱ्यातले पाच आर तुमीच कोरले न मंग?"

दुसऱ्या दिवशी आमची बंडी ज्या वाटेनं जायची तिथं बोरीच्या काट्या पडल्या. बाबा तीन महिने नाल्यातून बैल नेत होते. मला एक शब्द बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. मोठेबाबा मात्र बोलले, "लेका, शिकला तेवढा पुरे झाला आता."

तर काय चुकलं ते नीट सांगतो, बाकी कुठं घाई करीन पण इथं नाही. धुरे होते १३०, १४०, ९० आणि १२० मीटर, ओळीनं (आकडे समजायला सोपे जावेत म्हणून थोडे गोल केलेत). मी काय केलं, समोरासमोरच्या धुऱ्यांची सरासरी काढली, १३० आणि ९० ची ११०, १४० आणि १२० ची १३०, गुणाकार १४,३०० चौरस मीटर, झालं १.४३ हेक्टर. गावात सगळे असंच मोजतात, घरबांधणीचे मिस्त्री प्लॉटसुद्धा असाच मोजतात. प्लॉट आयत असला तर उत्तर बरोबर येते. आयत नसला की हा हिशोब नेहमी जास्तच दाखवतो, कमी कधीच नाही. माझ्या डोक्यात हे कधी आलंच नव्हतं, कारण पुस्तकातला चौकोन नेहमी गोजिरवाणा असतो.

खरी गोष्ट ही की चार बाजूंनी चौकोन ठरतच नाही. तीन बाजूंनी त्रिकोण ठरतो, तीन काड्या टोकाला बांधल्या की तो हलतच नाही, म्हणून तर टिनाच्या शेडची कैची त्रिकोणाची असते. चार काड्या बांधा, दाबा, तो झुकतो. घरची जुनी बाज बघा, ठावे सैल झाले की चौकट कशी कलते, लाकडं तेवढीच असतात पण आतली जागा कमी होते. वावराचंही तसंच. माझ्या त्याच चार धुऱ्यांत, जिथं १२० आणि १३० चे धुरे मिळतात त्या कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर १५० मीटर असेल तर क्षेत्रफळ १.३८ हेक्टर. तेच अंतर १३० असतं तर १.२९. नऊ आरचा फरक, आणि एकही धुरा बोटभर बदललेला नाही! म्हणून प्रश्नात चार बाजू दिसल्या की पहिले कर्ण, म्हणजे हेच समोरासमोरच्या कोपऱ्यांतलं अंतर, शोधायचा (त्यानं चौकोनाचे दोन त्रिकोण पडतात), नाहीतर एखादा कोन, नाहीतर काहीतरी पाचवी माहिती. ती नसेल आणि आकार आयत, चौरस, असं काही दिलेलं नसेल तर पेन खाली ठेवा, उत्तर निघतच नाही.

आता ह्याच्यावरचा माझा दुसरा गाढवपणा. भांडण झाल्यावर मी मोबाईलवर एक शॉर्टकट बघितला, "चार बाजू, एक सूत्र, दहा सेकंद". ते सूत्र ब्रह्मगुप्ताचं, इसवी सन ६२८ चं, चुकीचं अजिबात नाही. अर्धपरिमितीतून, म्हणजे सगळ्या बाजूंच्या बेरजेच्या निम्म्यातून, प्रत्येक बाजू वजा करा, चारही गुणा, वर्गमूळ घ्या. माझ्या वावराला लावलं तर अर्धपरिमिती २४० आणि उत्तर १.४१ च्या आसपास. मी खूश, म्हटलं चला, तीनच आर जास्त आहेत, दोन तर मिटले. पण हे सूत्र फक्त चक्रीय चौकोनाला लागते, म्हणजे ज्याचे चारही कोपरे एकाच वर्तुळावर बसतात त्याला, आणि व्हिडिओवाल्यानं हे एका शब्दानं सांगितलं नव्हतं. (त्या चार बाजूंत जास्तीत जास्त जेवढी जागा मावते तेवढी हे सूत्र देते, म्हणजे माझं १.४३ कोणत्याच आकारात शक्य नव्हतं, कितीही वाकवा.) सरासरीच्या हिशोबाला तर खुद्द ब्रह्मगुप्तानंच स्थूल म्हटलंय. आणि भास्कराचार्यांनी ११५० च्या लीलावतीत जे लिहिलंय ते वाचून मी अभ्यासिकेत एकटाच हसलो, की कर्ण किंवा लंब न सांगता चौकोनाचं क्षेत्रफळ विचारणारा पिशाच आणि उत्तर देणारा त्याहून मोठा पिशाच. मी तर पानठेल्यावर न विचारता उत्तर दिलं होतं.

शॉर्टकट वाईट नसतात, शॉर्टकटची अट गाळणारे वाईट असतात, हे माझं मत आहे आणि ते बदलणार नाही. सूत्र लिहिताना वहीत त्याच्या खालीच "कधी लागत नाही" हे पण लिहा.

परीक्षेत तर अजून बेक्कार फसलो. टेस्ट सिरीजमध्ये असाच चौकोन, बाजू १३, १४, ९, १२ आणि "कर्ण १५" असं दिलेलं. आपल्या मराठीत गोची ही आहे की चौकोनाचा कर्ण आणि काटकोन त्रिकोणाचा कर्ण, दोघांना शब्द एकच. कर्ण वाचलं की माझ्या डोक्यात आपोआप काटकोन तयार झाला. दोन्ही त्रिकोण काटकोन धरले, १३ गुणिले १४ भागिले २ म्हणजे ९१, ९ गुणिले १२ भागिले २ म्हणजे ५४, बेरीज १४५, आणि १४५ पर्यायात होतं! पेपर काढणाऱ्याला आपण कुठं पडणार ते माहीत असते. ९, १२, १५ खरंच काटकोन आहे, ८१ आणि १४४ मिळून २२५. पण १३ चा वर्ग १६९, १४ चा १९६, बेरीज ३६५, आणि १५ चा वर्ग २२५. कुठं ३६५ आणि कुठं २२५. दहा सेकंदाचं काम होतं, मी केलं नाही. सर्वात मोठ्या बाजूचा वर्ग बाकी दोघींच्या वर्गांच्या बेरजेएवढा असेल तर काटकोन, कमी असेल तर लघुकोन, जास्त असेल तर विशालकोन, आणि आकृतीत कोपरा कितीही सरळ दिसू द्या, आकृतीवर विश्वास ठेवायचा नाही.

मग १३, १४, १५ चं करायचं काय? हेरॉनचं सूत्र, तिन्ही बाजूंवरून त्रिकोणाचं क्षेत्रफळ: अर्धपरिमितीतून प्रत्येक बाजू वजा करा, अर्धपरिमिती आणि तिन्ही वजाबाक्या गुणा, वर्गमूळ घ्या. अर्धपरिमिती २१, वजाबाक्या ८, ७, ६. इथं पोट्टे २१ × ८ × ७ × ६ = ७०५६ करत बसतात आणि वर्गमूळात अडकतात. गुणूच नका, फोडा. २१ म्हणजे ३ × ७, ८ म्हणजे २ × २ × २, ७ तसाच, ६ म्हणजे २ × ३. जोड्या लावा, दोनाच्या दोन जोड्या, तीनाची एक, साताची एक, बाहेर ४ × ३ × ७ = ८४. आणि ८४ अधिक ५४ बरोबर १३८, हेच उत्तर. हा त्रिकोण पाठच करून टाका, १४ वरचा लंब १२ येतो आणि तो पायाचे ५ आणि ९ असे तुकडे करतो, म्हणजे आत ५-१२-१३ आणि ९-१२-१५ दडलेत. मध्यगा (कोपऱ्यापासून समोरच्या बाजूच्या मध्यापर्यंतची रेघ) विचारली तर अपोलोनियसचं प्रमेय, ते सोपं आहे, त्यावर वेळ घालवत नाही. हो, एक राहिलं, लहान दोन बाजूंची बेरीज मोठीपेक्षा जास्त आहे ना हे बघूनच सुरू करा, ५, ७, १३ असं काही दिलं तर वर्गमूळात उणे संख्या येते आणि आपल्याला वाटते आपलंच गणित चुकलं.

घाबरू नका पण. मी दोनदा भरतीत राहिलो, सध्या एका खाजगी सर्वेअरच्या हाताखाली टेप धरतो, तिसऱ्यांदा फॉर्म भरलाय, आणि तरी सांगतो की हा भाग हातचे मार्क देणारा आहे. क्लास लावायचाच तर जो सर तुमची वही उघडून बघतो त्याचा लावा, फळ्यावर भरभर सोडवणारे फोनवर फुकट मिळतात.

वावराचं सांगायचं राहिलं. ऑगस्टमध्ये, पऱ्हाटी कमरेला आलेली, मी काकांच्या घरी गेलो आणि म्हटलं चूक माझी होती, तुम्हीच टेपचं दुसरं टोक धरा. आले. टेप ३० मीटरचा, तासांमधून आडवं जायचं, टेप झाडावर अडकते, झोल पडते, प्रत्येक वेळी खुंटी ठोकून पुढं. बरोबर पाच टेप भरले. दीडशे. मी धुऱ्यावर बसून वहीत दोन त्रिकोण काढले, ८,४०० आणि ५,४००. काका वाकून बघत होते.

"मंग किती?"

"एक अडतीस. सातबाऱ्यावर आहे तेवढंच."

ते काही बोलले नाहीत, टेप गुंडाळत राहिले. पोळ्याच्या आदल्या दिवशी काट्या निघाल्या. आणि संध्याकाळी पानठेल्यावर सगळ्यांसमोर मला म्हणतात, "माहं वावर पाच धुऱ्याचं हाये, त्याचं काय करशीन बे आता?"

म्हटलं, दोन कर्ण लागतील काका, टोक धरायला या.