अ‍ॅक्रॉयड कुठले? इंग्लिश आडनावाचा माग कसा काढावा

इंग्लिश आडनावाचा शोध अर्थापासून सुरू करू नका. अ‍ॅक्रॉयड म्हणजे ओकची झाडं तोडून मोकळी केलेली जमीन, हे कोशात दोन मिनिटांत मिळतं. घराणं मात्र मिळत नाही. ‘तुमच्या आडनावाचं’ म्हणून विकलं जाणारं मानचिन्हही घेऊ नका. इंग्लंडमध्ये मानचिन्ह व्यक्तीला आणि तिच्या वंशजांना मिळतं, आडनावाला नाही.

घरातल्या वडीलधाऱ्यांकडून नावं-तारखा घ्या आणि एकेक पिढी मागे सरका. १ जुलै १८३७ नंतरच्या जन्मांची सरकारी सूची ऑनलाइन फुकट बघता येते, आणि तीत आईचं माहेरचं आडनावही दिसतं. नोंद नसेल तर अडून बसू नका. १८७५ पूर्वी जन्म नोंदवण्याची सक्ती ढिली होती, बरेच राहून गेले.

स्थलांतर दिसतं ते जनगणनेत. १८४१ची फारशी कामाची नाही: त्याच काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) जन्म झाला की नाही एवढंच तीत आहे आणि मोठ्यांची वयं पाचाच्या पटीत खाली आणलेली आहेत. १८५१पासून जन्माचं गाव मिळतं. मुलांच्या जन्मगावांचा रकाना वरून खाली वाचा. थोरला यॉर्कशरमधल्या हेप्टनस्टॉलचा, मधली जवळच्या हॅलिफॅक्सची, धाकटा ब्रॅडफर्डचा असेल, तर कुटुंब कोणत्या वर्षांच्या दरम्यान हललं ते त्यांच्या वयांवरून निघतं.

शोधताना Ackroyd या एकाच स्पेलिंगवर अडून राहू नका. सी आहे-नाही, वाय आहे-नाही, सुरुवातीला ए की ई, सगळं धरा.

आता खरी अडचण, १८३७च्या मागची. बहुतेक वंशवृक्ष इथेच चुकतात. समजा, १८५१ला जॉन अ‍ॅक्रॉयड, वय ४८, जन्म वॉड्सवर्थ (हॅलिफॅक्सजवळ). म्हणजे जन्म १८०२-०३चा. त्या सुमाराला एका जॉनचा बाप्तिस्मा सापडतो आणि लोक लगेच त्याला झाडावर चढवतात. हे कधीही करू नका. जुना हॅलिफॅक्स पॅरिश (एका चर्चच्या हद्दीतला मुलूख) इंग्लंडमधल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक, आणि आडनाव तिथलंच. एका वयाचे दोन-तीन जॉन अ‍ॅक्रॉयड सहज निघतात.

आधी सगळे उमेदवार एका कागदावर मांडा. मग प्रत्येकाचं दफन शोधा. त्या काळी पुष्कळ मुलं लहानपणीच जात, आणि मेलेल्या बाळाचा वंश पुढे नेणं ही सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे. १८१३पासून दफनाच्या छापील नमुन्यात वय आणि राहण्याचं ठिकाण असतं. त्याआधी बऱ्याचदा नुसतं नाव, म्हणून ‘अमक्याचा मुलगा’ असे शब्द मूळ पानाच्या छायाचित्रातच वाचा, टंकलेल्या सूचीवर विसंबू नका. उरलेल्यांची लग्नं लावून बघा. १७५४ ते १८३७ या काळात क्वेकर (एक ख्रिस्ती पंथ) आणि ज्यू सोडून सगळ्यांना सरकारी चर्चमध्येच, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडमध्येच, लग्न करावं लागे, त्यामुळे बाप्तिस्मा मेथडिस्ट किंवा बाप्टिस्ट अशा वेगळ्या पंथाच्या चॅपलमध्ये झालेला असला तरी लग्न पॅरिशच्या वहीत असतं. साक्षीदारांच्या सह्या बघा. भाऊ-मेहुणे तिथेच भेटतात. तरीही दोन जॉन उरले, तर फांदी तिथेच थांबवा.

तारखांचंही सांभाळा. १७५२पूर्वी वर्ष २५ मार्चला सुरू होई. वहीतला फेब्रुवारी १७४० आपल्या हिशेबाने १७४१. हे विसरलं की लग्नाआधीच मूल झालेलं दिसतं.

पॅरिशच्या वह्या फार तर १५३८पर्यंत नेतात. त्यामागे वेस्ट रायडिंगसाठी (यॉर्कशरचा पश्चिम भाग) १३७९च्या डोईपट्टीची, म्हणजे माणशी कराची, यादी आणि वेकफील्ड मॅनरच्या (जहागिरीच्या) १२७४पासूनच्या न्यायालयीन गुंडाळ्या आहेत. सलग वंश इथे जुळत नाही, पण आडनाव कोणत्या वस्तीत होतं ते कळतं. नाशिक सोडलेल्यालाच लोक नाशिककर म्हणतात. ब्रॅडफर्डसारखं मोठ्या गावाचं आडनावही बहुतेकदा गाव सोडल्यावर चिकटलं. अ‍ॅक्रॉयडसारखं छोट्या वस्तीचं नाव मात्र तिथे राहणाऱ्यालाच पडे, म्हणून नकाशावर ती वस्ती शोधण्यात अर्थ आहे.

परदेशी गेलेल्यांसाठी ब्रिटनमधून निघणाऱ्या जहाजांच्या प्रवासी याद्या १८९०पासून आहेत. ‘एलिस आयलंडच्या (न्यूयॉर्कचं स्थलांतरितांचं तपासणी-ठाणं) कारकुनाने आडनाव बदललं’ हे मानू नका. यादी जहाज सुटण्यापूर्वीच बनत असे. पूर्वज मुंबई इलाख्यात आला असेल, तर इथल्या चर्चमधल्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या नोंदींच्या प्रती लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. खडकी-देवळालीचा थडग्याचा दगड झिजला असला तरी त्या बघा.