कोडी उघडताच बंद पडतंय? दुरुस्तीच्या घाईत या चुका टाळा

लिनक्सवर कोडी (घरातले व्हिडिओ आणि गाणी टीव्हीवर लावायचा कार्यक्रम) चालू करावं, लोगो क्षणभर दिसावा आणि पुन्हा डेस्कटॉप समोर यावा. गोव्यात ही तक्रार पावसाळ्यात आणि चवथीच्या तोंडावर हमखास ऐकू येते. पावसाळ्यात वीज जात-येत असते आणि चवथीला माणसं घरी यायची म्हणून महिनोन्‌महिने न उघडलेल्या कॉम्प्युटरवर एकदम सगळे अपडेट चढवले जातात. मूळ बिघाड बहुतेक वेळा किरकोळ असतो. खरं नुकसान होतं ते त्यानंतरच्या धावपळीत.

पुन्हा पुन्हा उघडून बघणं

कोडी दर वेळी सुरू होताना नवी लॉग फाइल (काय काय घडलं याची नोंदवही) लिहितं आणि आधीची एकच ‘ओल्ड’ नावाने ठेवतं. म्हणजे मध्ये काहीबाही बदलत चार-पाच वेळा उघडून पाहिलंत, तर पहिल्यांदा ते का पडलं याचा पुरावा गेला. म्हणून पहिल्या फटक्यालाच लॉगची प्रत बाजूला काढा. ती होम फोल्डरमधल्या ‘डॉट कोडी’ या लपवलेल्या फोल्डरात, ‘टेंप’मध्ये असते. फाइल मॅनेजरात कंट्रोल आणि एच दाबलं की लपवलेले फोल्डर दिसतात. फ्लॅटपॅकने (कार्यक्रम वेगळ्या डब्यात बसवायच्या लिनक्सवरच्या पद्धतीने) कोडी बसवलं असेल तर हा सगळा संसार ‘डॉट व्हार’ फोल्डरात असतो. तिथे न बघता जुन्याच जागी शोधत बसणारे बरेच आहेत.

कोडी कोसळल्यावर होम फोल्डरात तारीख-वेळेसह एक क्रॅशलॉगही तयार होतो. जीडीबी हे बिघाड शोधायचं पॅकेज आधीपासून बसवलेलं असेल तर कार्यक्रम नेमका कुठे थांबला ते त्यात दिसू शकतं. नसेल तर त्यातून फारसं हाती लागत नाही. ते आजच बसवून ठेवा.

लॉग वाचताना ‘एरर’ शब्द दिसला की बोट ठेवू नका. धडधाकट मशीनवरही तशा ओळी असतात. बघायची ती अगदी शेवटची ओळ. डिचोलीला माझ्या आतेभावाकडे कोडी १९ वरून २१ वर नेल्यावर ते उघडेचना. लॉगमध्ये आवृत्ती, प्रोसेसर, ग्राफिक्स, स्किन सगळं ठीक, शेवटी टीव्ही वाहिन्या दाखवणाऱ्या एका पीव्हीआर अ‍ॅड-ऑनचं नाव (अ‍ॅड-ऑन म्हणजे कोडीला वरून जोडलेला छोटा कार्यक्रम), आणि फाइल तिथेच तुटलेली. ते अ‍ॅड-ऑन जुन्या मशीनमधून हाताने कॉपी केलेलं होतं. असली बायनरी अ‍ॅड-ऑन कोडीच्या ठरावीक आवृत्तीसाठीच बांधलेली असतात. तेवढा एक फोल्डर बाहेर हलवला आणि कोडी उघडलं.

काढून पुन्हा बसवणं

कोडी अनइन्स्टॉल करून परत बसवल्याने सिस्टिममधला कार्यक्रम बदलतो, तुमच्या होममधल्या ‘डॉट कोडी’ला धक्काही लागत नाही. बिघडलेलं अ‍ॅड-ऑन, तुटका डेटाबेस, चुकीची सेटिंग, सगळं जिथल्या तिथे राहतं. तासभर जातो आणि कोडी पुन्हा तसंच पडतं.

‘डॉट कोडी’ उडवून टाकणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, आणि गोव्यातल्या घरांत तर जास्तच. कोडी चित्रपटांची नावं, पोस्टर, माहिती इंटरनेटवरून आणतं. पण आपल्याकडच्या डिस्कवर काय असतं? फोंडा, पेडणे, सत्तरीतल्या जत्रांत गावकऱ्यांनी उभी केलेली नाटकं, देवळातल्या सप्ताहाची भजनं, व्हीएचएस टेपवरून उतरवून घेतलेली लग्नं. यांची माहिती कुठल्याही संकेतस्थळावर मिळत नाही. कुठल्या वर्षीचं नाटक, कोणी कुठली भूमिका केली, हे घरातल्याच कोणीतरी एकेक करून टाइप केलेलं असतं. फोल्डर उडवला तर व्हिडिओ वाचतात, पण ही मेहनत जाते. आणि ज्यांना विचारून ती लिहिली, ती माणसं पुन्हा भेटतीलच असं नाही. म्हणून या बाबतीत मी कुणाचंच ‘डिलीट करून बघ, काही होत नाही’ ऐकून घेत नाही.

फोल्डर उडवू नका, त्याचं नाव बदला. ‘डॉट कोडी जुना’ करा आणि कोडी उघडा. आता ते नवं कोरं फोल्डर बनवेल. तरीही पडलं, तर दोष कार्यक्रमात किंवा ग्राफिक्समध्ये आहे. जुनं नाव परत द्या आणि पुढच्या मुद्द्यांकडे वळा. पण उघडलं, तर दोष जुन्या फोल्डरात आहे. मग कोडी बंद करून जुन्यातल्या वस्तू एकेक परत आणा. आधी ‘युजरडेटा’मधली सोर्सेस आणि फेव्हरिट्सची फाइल, मग ‘डेटाबेस’ फोल्डरातली ‘मायव्हिडिओज’ची फाइल. दर वेळी कोडी उघडून खात्री करा. अ‍ॅड-ऑन शेवटी, आणि शक्यतो कॉपी न करता नव्याने बसवा. १९ व्या आवृत्तीपासून कोडी पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या तिसऱ्या आवृत्तीवर, म्हणजे पायथन ३ वर गेलं, त्यामुळे पायथन २ साठी लिहिलेली जुनी अ‍ॅड-ऑन आता चालत नाहीत.

मोठी आवृत्ती बदलली की डेटाबेसची नवी फाइल बनते. कोडी २० मध्ये ‘मायव्हिडिओज १२१’ असते, २१ मध्ये ‘१३१’. जुनी फाइल तशीच राहते, तिला अडगळ समजून काढू नका. संग्रह मोठा असेल तर पहिल्या वेळी या रूपांतराला वेळ लागतो. कोडी अडकलं असं वाटून मेनस्विच बंद केलात, तर नवी फाइल अर्धवट राहते.

कोडी नीट चालत असतानाच सेटिंग्जमध्ये मीडिया, मग लायब्ररी इथे जाऊन एक्स्पोर्ट करा आणि ‘सेपरेट फाइल्स’ निवडा. म्हणजे प्रत्येक नाटकाची माहिती त्या व्हिडिओशेजारीच एनएफओ फाइलमध्ये उतरते. मग डेटाबेस गेला तरी कोडी ती माहिती तिथून वाचून घेतं.

सुडो लावून चालवणं

परवानगीची अडचण असेल म्हणून कोणी सुडो (‘रूट’ या सिस्टिमच्या मुख्य वापरकर्त्याच्या अधिकाराने चालवायची कमांड) लावून कोडी उघडतं. कधीकधी उघडतंही. पण त्या एका वेळी ‘डॉट कोडी’तल्या काही फाइलींची मालकी रूटकडे जाऊ शकते आणि मग तुमच्या नावाने कोडीला तिथे लिहिता येत नाही. चाउन कमांड मोठ्या (कॅपिटल) ‘आर’ पर्यायासह चालवून अख्ख्या फोल्डरची मालकी स्वतःकडे घ्या. लिब्रेइलेक या खास कोडीसाठी बनवलेल्या लिनक्समध्ये मात्र सगळं रूटच्याच नावाने चालतं, तिथे हा प्रश्न नाही. तिथे कोडी सुरू होताना लागोपाठ कोसळलं तर सिस्टिम आपणच जुनं फोल्डर ‘फेल्ड’ नावाने बाजूला ठेवून सेफ मोडमध्ये उघडते. तो पडदा दिसला म्हणून संग्रह गेला असं समजू नका.

ग्राफिक्सकडे काणाडोळा

नव्या कोऱ्या फोल्डरनेही पडत असेल आणि लॉगमध्ये विंडोइंग सिस्टिम सुरू करता आली नाही अशी ओळ असेल, तर अ‍ॅड-ऑनमागे लागू नका. एन्व्हिडियाचा ड्रायव्हर अपडेट झाल्यावर रिस्टार्ट केलं नसेल तर आधी ते करा, कारण मेमरीत जुना ड्रायव्हर आणि डिस्कवर नवा असा बेबनाव होतो. मग टर्मिनलात ग्राफिक्सची माहिती देणारं जीएलएक्सइन्फो चालवा. रेंडररच्या ओळीत ‘एलएलव्हीएमपाइप’ असेल तर ग्राफिक्स कार्ड वापरातच नाही, सगळा भार प्रोसेसरवर आहे. वेलँड आणि एक्स११ या पडद्यावर खिडक्या दाखवायच्या दोन पद्धती. वेलँड डेस्कटॉपवर अडत असेल तर कोडीला विंडोइंगचा पर्याय एक्स११ देऊन पाहा. डेस्कटॉपशिवाय थेट पडद्यावर चित्र काढणारी जीबीएम पद्धत डेस्कटॉप चालू असताना वापरायची नसते.

वीज आणि डिस्क

डिस्क भरली की कोडीला डेटाबेस लिहिता येत नाही. ‘थंबनेल्स’ फोल्डर नकळत फुगतो. तो काढायचा तर ‘टेक्सचर्स १३’ ही फाइलही सोबत काढा. दोन्ही पुन्हा आपोआप बनतात.

रास्पबेरी पायवर पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात विजेचं चिन्ह दिसत असेल तर अ‍ॅडॅप्टर कमी पडतोय. पाय ४ ला ३ अँपिअरचा लागतो, मोबाइलचा साधा चार्जर पुरत नाही. लिहिणं चालू असताना वीज गेली की मेमरी कार्डावरच्या फाइली खराब होतात, म्हणून जूनच्या आधी छोटा यूपीएस घेतलेला बरा.

हाताने उघडल्यावर चालतं आणि मशीन चालू होताना मात्र पडतं, असं असेल तर दोष वेळेचा आहे. ऑटोस्टार्टमध्ये काही सेकंदांचा उशीर घाला. व्हिडिओ बाहेरच्या डिस्कवर असतील तर एफएसटॅब या डिस्क जोडायच्या यादीच्या फाइलमध्ये त्या डिस्कच्या ओळीत ‘नोफेल’ लिहा. मग डिस्क जोडलेली नसली तरी मशीन तिच्यासाठी बूट होताना अडून बसणार नाही.