टायरची असमान झीज आणि वय कसे ओळखावे

टायर बदलण्याआधी तो कुठे आणि कसा झिजला आहे हे पाहावे, कारण असमान झिजेचे मूळ बहुतेक वेळा टायरमध्ये नसून हवेच्या दाबात, चाकांच्या कोनांत किंवा सस्पेन्शनमध्ये असते आणि ते दूर न केल्यास नवा टायरही तसाच झिजतो.

तपासणी टायर थंड असताना सपाट जागी करावी. चारही चाकांतील हवा मोजून ती चालकाच्या दाराच्या चौकटीवरील स्टिकरशी ताडून पाहावी; टायरच्या बाजूवर छापलेला आकडा कमाल दाबाचा असतो, रोजच्या वापराचा नव्हे. मग स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढच्या टायरची आतली कड पाहावी. एरवी ती नजरेआड राहते, त्यामुळे बाहेरून ठणठणीत दिसणारा टायर आतून तारा उघड्या पडण्याइतका झिजलेला असू शकतो.

दोन्ही कडा झिजून मध्यभाग शाबूत असेल, तर गाडी दीर्घकाळ कमी हवेवर चालली आहे. फक्त मध्यभाग झिजला असेल, तर हवा जास्त भरली गेली असण्याचा संभव असतो. एकच कड झिजली असल्यास अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन, तपासून घ्यावे. यात कॅम्बरचा (समोरून पाहता चाक आत किंवा बाहेर कलण्याचा) दोष आहे की ‘टो’चा (वरून पाहता चाकांची पुढची टोके आत किंवा बाहेर वळण्याचा), याचा अंदाज तळहाताने घेता येतो: नक्षीवरून हात आडवा फिरवताना एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे टोचत असेल, तर दोष बहुधा ‘टो’चा असतो. (आधी तार बाहेर आलेली नाही ना, एवढे मात्र पाहावे.)

टायरच्या परिघावर ठरावीक अंतराने खळगे पडलेले असतील, तर शॉक अ‍ॅब्सॉर्बर निकामी होणे किंवा चाकाचे बॅलन्सिंग बिघडणे ही नेहमीची कारणे होत. अशा टायरचा घरघराट वेगाबरोबर वाढतो आणि तो बेअरिंगचा समजून विनाकारण बेअरिंग बदलले जाते. बेअरिंगचा आवाज बहुधा वळणावर, चाकावरील भार बदलताच, कमी-जास्त होतो. टायरच्या आवाजात तसा ठळक फरक पडत नाही.

खाचांच्या तळाशी असलेल्या आडव्या उंचवट्यांना नक्षी येऊन मिळाली, म्हणजे खोली १.६ मिमी उरली, की टायर बदलावाच. पावसाळ्यात खाचांतून पाणी बाहेर फेकले जाणे महत्त्वाचे असल्याने इतके थांबू नये, असे माझे मत आहे.

वय मात्र नक्षीवरून कळत नाही. बाजूवरील डीओटी क्रमांकाचे (DOT या अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाचे) शेवटचे चार अंक पाहावेत: २३१९ म्हणजे टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. पूर्ण क्रमांक अनेकदा एकाच बाजूला असतो आणि ती नेमकी आत बसवलेली असू शकते. ऊन, उष्णता आणि ओझोनमुळे रबर कडक होऊन बाजूवर व खाचांच्या तळाशी बारीक भेगा पडतात. रबरातील संरक्षक द्रव्ये टायर फिरताना पृष्ठभागावर येत असल्याने उभ्या गाडीचे टायर न झिजताही म्हातारे होतात. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी करावी आणि दहा वर्षांनंतर टायर वापरू नये, स्टेपनीसुद्धा. बाजूला फुगवटा दिसला, तर आतले धागे तुटलेले असतात. तो टायर वयाचा विचार न करता लगेच काढावा.

दोनच नवे टायर घ्यायचे असतील, तर ते मागच्या चाकांना बसवावेत, कारण ओल्या रस्त्यावर मागची चाके घसरली तर गाडी सावरणे अधिक कठीण जाते.