मँडरिन लिकरचं स्वतःचं कॉकटेल कसं बनवायचं (आणि सिरपची बाटली लांब का ठेवायची)

मँडरिन लिकर (मँडरिन या छोट्या संत्र्याच्या स्वादाची गोड दारू) घ्या, त्यात संत्र्याचा रस ओता आणि वरून शुगर सिरप, असा सल्ला जो कोणी देतो त्याने स्वतः तो ग्लास संपवलेला नसतो, हे मी लिहून देते.

आधी सांगाडा. शून्यातून काही शोधायला जाऊ नका, साइडकार नावाचं कॉकटेल घ्या: 50 मिली ब्रँडी, 20 मिली ऑरेंज लिकर, 20 मिली लिंबाचा रस. त्यातलं ऑरेंज लिकर काढून मँडरिनचं घाला, झाली सुरुवात. मग ब्रँडीच्या जागी जिन, टकीला, जुनी रम, काय हवं ते. धुरकट व्हिस्की मात्र नको, मँडरिनचा वासही उरत नाही.

आता खरी गोची. आंबट-गोड जमवणं.

मी कित्येक महिने इथेच अडकले होते. फळ तेच म्हणून लिंबू कमी करून संत्र्याचा ताजा रस घालायचे आणि दरवेळी खोकल्याचं औषध तयार व्हायचं, एकदा तर पाहुण्यांनी एकेक घोट घेऊन ग्लास इतक्या हळूच टेबलावर ठेवले की मला काय ते कळलं. कारण अगदी साधं आहे, लिंबाच्या रसात आम्ल साधारण 5-6 टक्के असतं आणि संत्र्याच्या रसात जेमतेम 1, म्हणजे आपण आंबट घालतोय असं वाटतं आणि जातं गोडच. शिवाय लिकर म्हणजे मुळात साखर घातलेली दारू. तुमची साखर त्या 20 मिलीतच आहे! सिरप कपाटात ठेवा.

दुसरी चूक, कोमट मिश्रण चाखून ठरवणं. थंड झालं की गोडवा कमी जाणवतो आणि शेक करताना बर्फाचं पाणीही उतरतं, चांगलं चतुर्थांशाच्या आसपास, त्यामुळे शेकरमध्ये बरोबर वाटलेलं ग्लासात पातळ आणि आंबट लागतं. म्हणून चमचाभर मिश्रण वाटीत घ्या, बर्फाचा तुकडा टाका, अर्धा मिनिट ढवळा आणि मग चाखा. घसा आवळला तर लिकर 5 मिली वाढवा. जिभेवर चिकट राहिलं तर लिंबू 3 मिली. दोन्ही एकदम बदलू नका, नंतर काय बिघडलं ते कळत नाही. सगळं बरोबर असून मचूळ लागतंय? चिमूटभर मीठ, खरंच.

आणि मँडरिन पुढे येत नाही म्हणून लिकर ओतत बसू नका, गोडच वाढेल. मुख्य दारू 10 मिलीने कमी करा, बाकीचं काम संत्र्याची साल करते, ती शेवटी.

शेकर बर्फाने भरून 10-12 सेकंद जोरात हलवा, गाळा. लिंबूच नसलेलं ड्रिंक असेल तर शेक नको, चमच्याने ढवळा.

शेवटी संत्र्याची साल. पांढरा भाग जितका निघेल तितका खरवडा, तो कडू असतो. बाहेरची केशरी बाजू ग्लासाकडे धरून चिमटीत दाबा, तेलाचे बारीक थेंब ड्रिंकवर पसरलेले दिसतात, तोच वास घोटाआधी नाकात जातो. काडी पेटवून ते तेल जाळायची फॅशन आहे, मी दोनदा केलं, दोन्ही वेळा ड्रिंकला काजळीचा वास आला.

माझं सध्याचं माप: जिन 40, मँडरिन लिकर 25, लिंबू 20, मीठ चिमूटभर.