ओकायामाला गाडी बदलायची असेल तर

सिंहगड रोडच्या पु. ल. देशपांडे उद्यानात सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींपैकी कोणी जपानला निघालं की हे उद्यान जिच्यावरून बेतलं ती मूळ बाग, म्हणजे ओकायामाची कोराकुएन, बघायचीच असते. बाग सोपी आहे हो. मी आधी स्टेशन समजावून सांगतो, कारण ओकायामा म्हणजे तिकडचं मनमाड. कुठेही जायचं असो, गाडी इथे बदला.

ओसाकाच्या शिन-ओसाका स्टेशनहून शिनकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, पाऊण तास लागतो. परदेशी पाहुण्यांचा जपान रेल पास असेल तर शिनकानसेनपैकी नोझोमी नावाची गाडी सोडा, तिला वरचे पैसे पडतात. हिकारी किंवा साकुरा धरा. बॅगेची लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटिमीटरच्या वर जात असेल, तर बॅगेची जागाही आधी आरक्षित करावी लागते. पुण्यात घरीच टेप लावून बघा.

शिनकानसेनमधून साध्या गाड्यांकडे जाताना मधे गेट लागतं. कागदी तिकिटं दोन असतील, एक प्रवासाचं, एक जलद गाडीचं, तर दोन्ही एकावर एक ठेवून एकदमच सरकवा. पुढचा प्रवास ज्यावर आहे ते पलीकडे बाहेर येतं, ते घ्यायला विसरू नका. मागे रांग असते, पण घाबरायचं नाही.

बागेसाठी पूर्वेच्या दारातून बाहेर पडा, हिगाशियामाकडे जाणारी ट्राम घ्या, शिरोशिताला उतरून दहा मिनिटं चाला. झालं.

खरी मजा समुद्रापलीकडे आहे. हे स्टेशन १८९१ चं. १९७२ मध्ये शिनकानसेन इथवर आली आणि तीन वर्षं इथेच संपायची. शिकोकू बेटावर जायला मात्र उनो बंदरातून बोटच. १९५५ मध्ये त्या मार्गावरची ‘शिउन मारू’ धुक्यात दुसऱ्या बोटीवर आदळून बुडाली, १६८ माणसं गेली, त्यात सहलीची शाळकरी पोरं होती. मग पुलाची मागणी पेटली, तरी सेतो ओहाशी खुला व्हायला १९८८ उजाडलं.

त्या पुलावरून शिकोकूवरच्या ताकामात्सुला मरीन लायनर नावाची रेल्वेगाडी जाते, तासाभराच्या आत. मोटारी वरच्या मजल्यावर, रेल्वे खाली. बहुतेक गाड्यांना जाताना सर्वांत पुढे दुमजली डबा असतो, त्याला आरक्षण लागतं. बाकी डब्यांत इकोका (ICOCA) हे आधी पैसे भरलेलं कार्ड गेटवर टेकवून गेलात तरी चालतं. डबा कुठलाही घ्या, खिडकी सोडू नका. पूल सुरू झाला की लोखंडी तुळयांच्या फटींतून बेटं दिसतात. फोटो धड येत नाहीत.