लोकसभेला मत कुणाला? पक्ष ठरवताना या चुका टाळा

लोकसभेची निवडणूक लागली की पुण्यात दोन प्रश्न हमखास कानावर येतात. ‘यंदा हवा कुणाची?’ आणि ‘आपल्या भागात काम कुणी केलं?’ या दोन प्रश्नांवर घरोघरी पक्ष ठरतो. पण हवा म्हणजे बाकीचे लोक काय करणार याचा अंदाज, आणि भागातलं काम बहुतेक वेळा महापालिकेचं असतं. दिल्लीत पाच वर्षं आपल्या वतीने कायद्यांवर मत कोण देणार आणि सरकार कुणाचं बसवणार, हा लोकसभेचा खरा प्रश्न आहे. तो नेमका बाजूला राहतो. कुठला पक्ष चांगला हे मी सांगणार नाही. निर्णय कुठे चुकतो आणि तो कसा दुरुस्त करायचा, एवढंच सांगायचं आहे.

खड्ड्यांचा राग खासदारावर काढणं

ही सर्वात मोठी चूक, आणि ती समजून घ्यायला पुण्याइतकं चांगलं उदाहरण नाही. मार्च २०२२ मध्ये पुणे महापालिकेतल्या नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची निवडणूक थेट जानेवारी २०२६ मध्ये झाली. मधली जवळजवळ चार वर्षं कारभार प्रशासकाकडे होता. त्याच काळात, २९ मार्च २०२३ रोजी, खासदार गिरीश बापट यांचं निधन झालं. पोटनिवडणूक झालीच नाही. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये ती घ्यायला सांगितलं, जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, आणि जून २०२४ पर्यंत पुण्याला खासदारच नव्हता.

नगरसेवक नव्हते तेव्हा काय अडलं, ते सगळ्यांना आठवत असेल. ड्रेनेज तुंबलं, गल्लीतला दिवा गेला, पाणी कमी दाबाने यायला लागलं की फोन कुणाला करायचा हेच कळत नसे. क्षेत्रीय कार्यालयात खेपा घालाव्या लागत. खासदार नव्हते तेव्हा मात्र रोजच्या जगण्यात काही अडल्यासारखं वाटलं नाही, म्हणून ओरडही फारशी झाली नाही. पण त्याच महिन्यांत संसदेने काय काय मंजूर केलं पाहा. ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा. सप्टेंबरमध्ये महिला आरक्षणाची घटनादुरुस्ती, लोकसभेत ४५४ विरुद्ध २ मतांनी. डिसेंबरमध्ये दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा यांच्या जागी तीन नवे कायदे. यातल्या एकावरही पुण्याचं मत कुठल्याच बाजूला पडलं नाही. लोकसभेच्या मताने आपण काय मिळवतो, याचं उत्तर या यादीत आहे.

म्हणून पहिलं काम असं करा. आपल्याला ज्यांचा त्रास होतो किंवा ज्यांची काळजी वाटते अशा गोष्टी कागदावर लिहा आणि प्रत्येकीपुढे कोणाचं खातं ते लिहा. रस्ता, कचरा, पाणीपुरवठा महापालिकेकडे. पोलीस, शेती, ससूनसारखी सरकारी रुग्णालयं राज्याकडे. रेल्वे, राष्ट्रीय महामार्ग, आयकर, संरक्षण, बँका केंद्राकडे. शिक्षण १९७६ च्या घटनादुरुस्तीपासून समवर्ती सूचीत, म्हणजे दोघांकडे. काही गोष्टी गुंतलेल्या असतात. पुण्याची मेट्रो चालवणाऱ्या महामेट्रो कंपनीत केंद्र आणि राज्य निम्मे-निम्मे भागीदार आहेत. लोहगावची धावपट्टी हवाई दलाची आहे, त्यामुळे विमानतळाच्या विस्ताराचा विषय संरक्षण मंत्रालयाला वगळून पुढे जात नाही. ज्यापुढे ‘केंद्र’ लिहिलं गेलं त्या ओळी लोकसभेसाठी ठेवा. बाकीचा कागद विधानसभेला आणि महापालिकेला लागेल, तो फेकू नका.

आपला मतदारसंघ कोणता, हेच न पाहणं

पुणे लोकसभा म्हणजे वडगाव शेरी, शिवाजीनगर, कोथरूड, पर्वती, पुणे कॅन्टोन्मेंट आणि कसबा पेठ, बस्स. हडपसर शिरूर लोकसभेत जातं, खडकवासला बारामतीत, चिंचवड मावळात. महापालिकेचा कर पुण्यात भरणारा माणूस खासदार मात्र दुसऱ्याच मतदारसंघाचा निवडतो.

खडकवासल्यात येणाऱ्या धायरीतले आमच्या ओळखीचे एक काका २०२४ ला पुण्याच्या उमेदवारांच्या सगळ्या मुलाखती मन लावून पाहत होते. त्यांची सून म्हणाली, “बाबा, आपलं मतदान ७ मेला आहे. आपण बारामतीत येतो.” काकांना पटेना. “अगं, आपण पुण्यातच राहतो ना?” शेवटी मतदार यादीत नाव शोधून तिने त्यांना मतदारसंघाची ओळ दाखवली. पुण्याचं मतदान १३ मेला होतं. आपल्या मतपत्रिकेवर जे उमेदवार आहेत त्यांची माहिती काढायला काकांच्या हातात जेमतेम आठवडा उरला होता. निवडणूक आयोगाच्या ॲपवर किंवा मतदार पोर्टलवर आधी नाव पाहा, मगच प्रचार ऐका. पत्ता बदलला असेल तर फॉर्म ८ आणि नवी नोंदणी असेल तर फॉर्म ६ वेळेत भरा. शिकायला किंवा नोकरीला पुण्यात आलेल्या मुलामुलींनी गावाकडे मत ठेवायचं की इथे आणायचं, हेही निवडणूक जाहीर होण्याआधीच ठरवायला हवं.

‘माणूस चांगला आहे’ एवढ्यावर थांबणं

उमेदवार सज्जन आहे, फोन उचलतो, लग्नकार्याला येतो. हे सगळं चांगलंच आहे. पण १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने आलेल्या पक्षांतरबंदी कायद्यानुसार, पक्षाने व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा आदेश, काढला की खासदाराला त्याप्रमाणेच मत द्यावं लागतं. आधी परवानगी न घेता विरोधात मत दिलं किंवा गैरहजर राहिला आणि पक्षाने पंधरा दिवसांत माफ केलं नाही, तर खासदारकी जाऊ शकते. म्हणजे महत्त्वाच्या विधेयकावर तुमचा सज्जन उमेदवार पक्ष सांगेल तेच करणार. त्याच्या पक्षाची भूमिका तुम्हाला मान्य नसेल, तर सज्जनपणा तिथे कामी येत नाही. माझ्या मते लोकसभेला पक्ष आधी आणि माणूस नंतर पाहावा. महापालिकेला मी याच्या उलट सांगेन.

पण ‘नंतर पाहावा’ म्हणजे पाहूच नये असं नाही. चिन्हावर डोळे मिटून बटण दाबणं ही तितकीच वाईट सवय. प्रत्येक उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र आयोगाच्या संकेतस्थळावर असतं. त्याला फॉर्म २६ म्हणतात. स्कॅन केलेली, प्रत्येक पानावर नोटरीचा शिक्का असलेली ती पानं पाहून लोक कंटाळून बंद करतात. तसं करू नका, दोनच ठिकाणी नीट बघा.

पहिलं ठिकाण प्रलंबित खटल्यांचा तक्ता. खटले किती यापेक्षा कलमं कोणती आणि आरोप निश्चित झाले आहेत का, ते पाहा. जुन्या दंड संहितेचं १४३, १८८, ३४१ असेल तर बहुधा जमाव, आदेशभंग, रस्ता अडवणं. आंदोलनं करणाऱ्या कार्यकर्त्यावर अशी कलमं लागतच असतात. ४२० म्हणजे फसवणूक, ३०७ म्हणजे खुनाचा प्रयत्न, ३५४ म्हणजे स्त्रीचा विनयभंग. दहा खटले पहिल्या प्रकारचे आणि एकच दुसऱ्या प्रकारचा, यात मला त्या एकाची जास्त काळजी वाटते. १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहितेचे नवे क्रमांक आहेत, तेव्हा क्रमांकावरून घाई करू नका. गुन्ह्याचं थोडक्यात वर्णन शेजारीच दिलेलं असतं.

दुसरं ठिकाण मालमत्तेचा तक्ता. ‘पाच वर्षांत संपत्ती इतक्या पटीने वाढली’ अशी बातमी आली की ती आकड्यांशी ताडून पाहा. जमिनीपुढे खरेदीची तारीख, खरेदीची किंमत आणि आजचा बाजारभाव असे वेगळे रकाने असतात. बाणेर किंवा वाघोलीला जुनी जमीन असेल तर काही न करताही आकडा फुगतो. नवी खरेदी किती, ठेवी आणि शेअर किती वाढले, आणि आयकर विवरणातलं उत्पन्न त्याला पुरतं का, हे विचारायचं. देण्यांच्या रकान्यात सरकारी थकबाकीही असते, तिच्यावरही नजर टाका.

जाहीरनामा मथळ्यांवरून वाचणं

पूर्ण जाहीरनामा वाचायला बसू नका, थकून सोडून द्याल. तुमच्या कागदावरच्या ‘केंद्र’वाल्या ओळींपैकी तीन निवडा आणि प्रत्येक पक्षाच्या जाहीरनाम्यात तेवढंच शोधा. ‘करू’, ‘प्रयत्न करू’ आणि ‘विचार करू’ यांत मोठा फरक असतो. मग तोच पक्ष मागच्या निवडणुकीत त्याच विषयावर काय म्हणाला होता, ते काढा.

आश्वासन त्या सरकारच्या एकट्याच्या हातात आहे का, हेही तपासा. जीएसटीचं उदाहरण घ्या. दर ठरवायच्या परिषदेत केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश मतं लागतात. ‘आम्ही आलो की अमुक वस्तूवरचा जीएसटी काढू’ असं कुणी म्हणालं, तर राज्यांना कसं पटवणार, हा प्रश्न सभेत उभं राहून विचारण्यासारखा आहे.

खासदाराचे आकडे चुकीचे वाचणं

पीआरएस या संस्थेच्या संकेतस्थळावर खासदारांची हजेरी, विचारलेले प्रश्न, चर्चेतला सहभाग मिळतो. उपयोगी माहिती आहे, पण एक लक्षात ठेवा. मंत्री हजेरीपटावर सही करत नाहीत आणि प्रश्न विचारत नाहीत, ते उत्तरं देतात. मंत्र्याच्या नावापुढचं शून्य दाखवून कुणी ग्रुपवर चित्र फिरवत असेल तर ते बिनकामाचं आहे. मंत्री नसलेल्या खासदाराचे प्रश्न मात्र उघडून वाचा. त्यात त्याच्या मतदारसंघाचं काही आहे का, की नुसती संख्या भरली आहे, हे पाच-सहा प्रश्नांत कळतं.

युती-आघाडी आणि चिन्ह गृहीत धरणं

लोकसभेच्या ५४३ पैकी २७२ जागा लागतात. २०२४ मध्ये एकट्या कुठल्याच पक्षाला त्या मिळाल्या नाहीत. तेव्हा आपला पक्ष कुणाबरोबर बसणार, आणि यापूर्वी निवडणुकीनंतर त्याने जोडीदार बदलले का, हा निर्णयाचा भाग आहे. महाराष्ट्रात हे वेगळं सांगायला नको. शिवसेना २०२२ ला फुटली, राष्ट्रवादी २०२३ ला. २०२४ च्या लोकसभेला धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्या पक्षाकडे होता आणि मशाल उद्धव ठाकरे यांच्याकडे. घड्याळ अजित पवार यांच्याकडे आणि ‘तुतारी वाजवणारा माणूस’ शरद पवार यांच्याकडे. साताऱ्यात तर एका अपक्षाला नुसती ‘तुतारी’ मिळाली होती, आणि त्याला पडलेली मतं विजयी उमेदवाराच्या मताधिक्यापेक्षा जास्त होती. घरातल्या आजी-आजोबांना जुनं चिन्ह पाठ असतं. त्यांना कुणाला मत द्यायचं ते सांगू नका, पण कोणतं चिन्ह आता कुणाचं आहे हे नक्की सांगा. यंत्रावर उमेदवाराचा फोटो असतो, तोही दाखवून ठेवा.

‘मत वाया जाईल’ ही भीती

ज्याला हरवायचंच आहे त्याच्याविरुद्धच्या बळकट उमेदवाराला मत देणं यात गैर काही नाही, फक्त ते ठरवून करा. मतदानपूर्व चाचण्यांवर विसंबून पहिली पसंती सोडू नका. एकेका मतदारसंघाबद्दल त्यांतून फार कमी कळतं. हरलेल्या मतांनाही किंमत असते. राज्यात ८ टक्के वैध मतं मिळवली तर एकही जागा न जिंकता पक्षाला राज्य पक्षाची मान्यता मिळू शकते. ‘नोटा’चा उपयोग मात्र मर्यादित आहे. लोकसभेत ‘नोटा’ला सर्वाधिक मतं पडली तरी त्याच्या खालचा उमेदवार निवडून येतो. फेरनिवडणुकीचा आदेश राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये काढला, तो स्थानिक स्वराज्य संस्थांपुरता आहे.

मतदानाच्या दिवशीचे घोटाळे

१३ मे २०२४ ला सोमवार होता. शनिवार-रविवार जोडून अनेक घरं बाहेरगावी गेली, आणि पुण्याचं मतदान ५३ टक्क्यांच्या आसपास थांबलं. २०१९ मध्ये तर ते पन्नाशीच्याही आत होतं. मतदानाची सुट्टी भरपगारी असते. मालक देत नसेल तर लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १३५ ब दाखवा. नुसती मतदार चिठ्ठी ओळखपत्र म्हणून चालत नाही, मतदार कार्ड, आधार, पॅन, पासपोर्ट असं काहीतरी जवळ ठेवा. बटण दाबल्यावर शेजारच्या व्हीव्हीपॅट यंत्राच्या काचेत तुमच्या मताची छापील चिठ्ठी सात सेकंद दिसते. नाव आणि चिन्ह वाचेपर्यंत तिथून हलू नका. आणि केंद्रावर पोहोचल्यावर ‘तुमच्या नावावर मतदान झालंय’ असं कुणी म्हणालं, तर परत फिरू नका. केंद्राध्यक्षांकडे ‘प्रदत्त मत’ मागा. तुमची ओळख पटली की ते तुम्हाला कागदी मतपत्रिका देतात, आणि तुमचं मत वेगळ्या पाकिटात नोंदीसह ठेवलं जातं.