ओपन रेल्समध्ये सिग्नलचे दोन पिवळे दिवे एकच दिसतात?

बडोदा-मुंबई मार्गावर रोज जा-ये करणाऱ्याला दुहेरी पिवळा (पुढे वेग कमी करायचा) आणि एकेरी पिवळा (पुढच्या सिग्नलला थांबायची तयारी ठेवायची) यांतला फरक सांगायला नको. ओपन रेल्स या संगणकावर रेल्वे चालवायच्या गेममध्ये मात्र लांबून दोन्ही दिव्यांचा मिळून एकच फुगीर ठिपका दिसतो, आणि वेग किती उतरवायचा तेच कळत नाही. आमच्या दांडिया बाजारातल्या पोरांना वाटतं ग्राफिक कार्ड बिघडलं. कार्डावर पैसे घालण्याआधी हे करून बघा:

१. गेम बंद करा. मुख्य मेनूतल्या ‘ऑप्शन्स’मध्ये ‘सिग्नल लाइट ग्लो’ शोधा आणि त्यापुढची टिकची खूण काढून टाका. काही रूटमध्ये (गेममध्ये घालायच्या रेल्वेमार्गांत) ही झळाळी बनवणाऱ्यानेच घातलेली असते. त्यावर गेमची आणखी चढते.

२. तोच रूट, तीच वेळ, तेच हवामान घेऊन पुन्हा चालवा. रात्र आणि दुपार यांची तुलना करू नका, फसाल.

३. दिवे मुळीच दिसत नसतील तर दुखणं वेगळं आहे. ‘लॉगिंग’ (गेमच्या नोंदी फाइलमध्ये ठेवायची सोय) चालू करून गाडी सिग्नलपर्यंत न्या. डेस्कटॉपवर लॉगची फाइल येते, तिच्यात सिग्नलबद्दलचे इशारे वाचा. बऱ्याचदा दिव्याच्या चित्राची एसीई फाइल रूटच्या ‘टेक्स्चर्स’ फोल्डरमध्ये नसते. मूळ रूटमधून ती परत टाकली की काम होतं.

सिगसीएफजी डॅट (sigcfg.dat) या रूटच्या सिग्नलांची मांडणी ठेवणाऱ्या फाइलला हात लावायचाच असेल, तर आधी तिची प्रत दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवा. एक कंस चुकला तरी रूटभरचे सिग्नल बिघडू शकतात.